उदबत्ती कुठे लावायची

उजव्या हाताचं बोट कानशिलावर टेकवून त्या म्हणायच्या, "लक्षात ठेवलंय हां." आवाज चढलेला नसायचा. बसकंडक्टर, चहावाला, बँकेतला कॅशियर, ज्याला म्हणून हे ऐकावं लागलं तो पुढे कधीतरी पस्तावलाच. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, अपमान विसरणं ज्याला जमतच नाही. आमच्या ऑफिसात अशा एक बाई होत्या.

अंधेरी पूर्वेला औषधं पुरवणारी आमची कंपनी होती. ऐंशीच्या दशकात मालकांनी मोठ्या हौसेने एक मिनी कॉम्प्युटर घेतला. नाव मिनी, पण आकाराने दोन गोदरेज कपाटांएवढा, आणि त्याच्या शेजारी वॉशिंग मशीनसारखी दिसणारी डिस्क. त्यासाठी काचेची खोली बांधली, एसी बसवला, दाराबाहेर चपलांची रांग लागू लागली. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे मॅन्युअल वाचायला मला घेतलं होतं. मी फारसं बोलत नसे. ते मशीन प्रत्यक्ष चालवायच्या त्या बाई.

बाई वाकोल्याच्या, मूळच्या कोकणातल्या. अकाउंट्समधला एक गृहस्थ एकदा त्यांच्या इंग्रजीला हसला. पुढे कधीतरी तातडीचा रिपोर्ट हवा म्हणून तो धावत आला, तर बाई दारातच उभ्या. बूट काढायला लावले. मोजा फाटका होता. बाईंनी मला आतून हाक मारली, "ये गो, बघ, साहेबांचा अंगठा आलाय रिपोर्ट न्यायला."

आमच्या कॉम्प्युटर विभागाचे साहेब वेगळे होते. कोणी पाहुणा आला की ते काचेपाशी उभे राहून मशीनचे गुण सांगत. एका वेळी आठ टर्मिनल चालतात. स्वतःच्या मेमरीतली चूक स्वतः शोधतं. वीज गेली तरी बॅटरीवर तग धरतं. आणि शेवटी आमच्याकडे बघत म्हणत, "हे मशीन चूक करत नाही. चूक माणसं करतात."

बाई मला हळूच म्हणत, "रजा मागत नाही, खोटं बोलत नाही. यातलं दुसरं साहेबांनी शिकून घ्यावं."

त्या वर्षीच्या खंडेनवमीला मशीनची पूजा झाली. मालकांना आतल्या तबकड्या दिसाव्यात म्हणून साहेबांनी स्वतः डिस्कचं झाकण उघडलं, हळदकुंकू वाहिलं, आणि उदबत्त्यांचा जुडगा उघड्या डिस्कवरून ओवाळला. दसऱ्याची सुटी संपवून आम्ही आलो, मशीन सुरू केलं, आणि डिस्कमधून पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा आवाज आला. त्या आठवड्याच्या ऑर्डरी गेल्या. त्याआधीचं सगळं वाचलं, कारण बाई दर शनिवारी न चुकता टेपवर नक्कल घेत.

साहेबांनी मालकांना सांगितलं की बाईंनी तबकड्या नीट बसवल्या नव्हत्या. बाईंना डिस्पॅचला पाठवलं, पाकिटांवर पत्ते चिकटवायला. "पंधरा वर्षांची पोरगी करेल ते काम," त्या म्हणाल्या. पण त्यांना लागलं होतं ते वेगळंच. कँटीनमध्ये लोक म्हणू लागले होते, बाईंनी मशीन बिघडवलं.

दुरुस्तीला आलेल्या इंजिनिअरने साहेबांना इंग्रजीत खरं कारण सांगितलं, तेव्हा मी तिथेच टर्मिनलवर होते. डिस्क फिरताना वाचणारं डोकं तबकडीच्या इतकं जवळ असतं की मध्ये धुराचा कणही मावत नाही. डिस्क उदबत्तीने गेली होती. साहेबांनी मान डोलावली आणि त्याला चहाला बाहेर नेलं. त्याच संध्याकाळी मी बाईंना सगळं सांगितलं. वाटलं, त्या तडक मालकांकडे जातील.

"आत्ता गेले तर तो मेला म्हणेल, पोरीने चुकीचं ऐकलं," बाई म्हणाल्या. बोट कानशिलावर गेलं. "पुढची खंडेनवमी येऊ दे."

वर्षभर त्या पत्ते चिकटवत राहिल्या. साहेब समोरून गेले की उठून नमस्कार करायच्या. मला त्या नमस्काराची भीती वाटायची.

पुढच्या खंडेनवमीला सगळा स्टाफ काचेच्या खोलीत दाटीने उभा होता. मालक होते, पेढे खायला बोलावलेला तो इंजिनिअरही होता. पूजेचं ताट घेऊन बाई पुढे आल्या, पेटलेली उदबत्ती साहेबांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "साहेब, झाकण उघडा ना. गेल्या वर्षीसारखं."

साहेब म्हणाले, आत नको, बाहेर लावू.

"का साहेब?"

मालकही म्हणाले, "हो, का?"

साहेबांनी इंजिनिअरकडे पाहिलं. तो त्यांच्याकडेच बघत होता. उदबत्ती ठेवायला जागा नव्हती, ताट बाईंनी मागे घेतलं होतं. राख साहेबांच्या उघड्या पावलावर पडली, पण त्यांनी पाय हलवला नाही.

"धुराने डिस्क जाते," ते पुटपुटले.

"मग गेल्या वर्षी कशाने गेली?" बाईंनी विचारलं.

"धुराने."

"एसीचा आवाज आहे साहेब," बाई शांतपणे म्हणाल्या. "मालकांना ऐकू आलं नसेल."

साहेबांना ते दुसऱ्यांदा म्हणावं लागलं, मोठ्याने, आणि बाईंची चूक नव्हती हेही. मगच बाईंनी ताट पुढे केलं. मला त्या वेळी जो आनंद झाला, त्याबद्दल अजूनही वाईट वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांची खुर्ची त्यांना परत मिळाली. काही वर्षांनी त्या निवृत्त होऊन गावी गेल्या. जाताना मला फक्त एवढंच म्हणाल्या, "शनिवारची टेप विसरू नको गं."

त्यानंतर त्या खुर्चीवर मी बसू लागले. एकदा प्रिंटरवरची छपाई मध्येच बंद पडली. साहेब आत आले, माझ्याकडे बघून म्हणाले, "हे मशीन चूक करत नाही."

मी उजव्या हाताचं बोट उचलून कानशिलावर टेकवलं.

साहेब खाली वाकून म्हणाले, "केबल सुटली असेल. बघतो मी."