कर्णिकांची पाच मिनिटं

चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत हितेशभाईंचा जेवणाचे स्टीलचे डबे बनवण्याचा कारखाना आहे. तिथे पॅकिंगवर देखरेख करणारे मार्तंड कर्णिक म्हणजे देवमाणूस. व्यसन एकच, जुनं इंग्रजी रॉक आणि ब्लूज. आता असलं व्यसन असलेला माणूस कानात इअरफोन खुपसून गप्प बसतो. कर्णिकांना मात्र कुठलीही चांगली गोष्ट वाटून खायची सवय. सोमवारी सकाळी पॅकिंगच्या बायकांचे उतरलेले चेहरे त्यांना बघवायचे नाहीत. शेवटी ते हितेशभाईंच्या मागेच लागले. हितेशभाई स्वतः भजनाचे शौकीन, त्यामुळे परवानगी मिळाली: रोज काम सुरू होण्याआधी पाच मिनिटं, कारखान्याच्या स्पीकरवर एक गाणं.

गाणी निवडण्यामागे कर्णिकांचा विचार होता. सोमवारी ब्लूज, म्हणजे सुरातलं रडगाणं, कारण रविवार संपल्याचं दुःख ताजं असणाऱ्याला नाच म्हणणं हा दुष्टपणा आहे. त्याच्याबरोबर आधी थोडं कुढावं. तेच गाऱ्हाणं तालात दोनदा घोळवलं की तिसऱ्यांदा आपोआप हसू येतं, असं त्यांचं म्हणणं. बुधवारी, आठवडा अगदी चिखलात रुतलेला असताना, दणदणीत गिटार. शुक्रवारी सगळ्यांना ओरडून म्हणता येईल असं काहीतरी. औषध उत्तम होतं. घोडं पेंड खात होतं ते भलतीकडेच.

कर्णिक त्यांच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात वर्षानुवर्षं निवेदन करत आले होते. आणि निवेदनाची चटक लागलेल्या मराठी माणसाच्या हातात माइक दिला की काय होतं, हे ज्यांनी संगीतरजनी सोसल्या आहेत त्यांना सांगायला नको. "रसिक श्रोतेहो," अशी सुरुवात व्हायची. मग हे संगीत कुठल्या नदीकाठी जन्मलं, गायकाचं बालपण किती खडतर, गिटारची तार ओढली की सूर कसा वाकतो, हे सगळं साग्रसंगीत. एवढं झाल्यावर गाणं सुरू व्हायचं, जरा कुठे रंगात यायचं आणि कामाचा भोंगा व्हायचा. एकाही गाण्याचा शेवट त्या कारखान्यात कुणी ऐकलेला नव्हता.

"कर्णिकभाऊ, तुमचं नमनालाच घडाभर तेल," पॅकिंगमधली मंजुळा म्हणायची. ती चारकोप गावातल्या कोळ्यांची, तोंडाची फटकळ. सासू बाजारात मासळी विकायची आणि सुनेने तिचा आवाज उचलला होता. कर्णिक हसायचे. त्यांना ती तारीफ वाटायची.

मग हितेशभाईंची सून समीक्षा कारभार बघायला आली. एका सोमवारी तिने कर्णिकांना बोलावून घेतलं.

"काका, खरं सांगू? मी सगळ्यांना विचारलं. कुणी नको नाही म्हणत, पण कुणी हवं पण नाही म्हणत. शुक्रवारपर्यंत बघू. एकजण जरी येऊन बोलला ना, की गाणं पाहिजे, तर चालू ठेवू. नाहीतर बंद. तेवढ्या वेळात बायका निवांत चहा तरी पितील."

कर्णिकांच्या जिव्हारी लागलं. एक माणूस! इतक्या गाण्यांत एक माणूस आपला होऊ नये? त्यांनी निष्कर्ष काढला की आपण गाणं नीट समजावून देण्यात कमी पडतोय. झालं, मंगळवारपासून निवेदन आणखी वाढलं. गुरुवारी तर ढोल दोनदा वाजला न वाजला तोच भोंगा.

"तुम्ही गाणं लावता की गाण्याचं लग्न लावता?" रात्री जेवताना जयंती, त्यांची बायको, म्हणाली. "मुलगी बघण्यापासून सुरू करता ते. लोक जेवायला आलेत हो!"

कर्णिक चिडले नाहीत, नुसते भात चिवडत बसले. जयंतीला कसंतरीच झालं.

शुक्रवारी त्यांनी ठरवलं, गाणं बंद व्हायच्या आधी एकदाच खरं सांगायचं. मरोळ गावातलं लहानपण, शेजारच्या ईस्ट इंडियन ख्रिश्चनांच्या घराची खिडकी, तिच्यातून येणारं ते पहिलं गाणं. कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते. माइक घेतला.

"रसिक श्रोतेहो, मी तेव्हा मरोळला, एका खिडकीखाली..."

एवढ्यावरच वाक्य अडलं. सगळ्यांसमोर रडायची वेळ येऊ नये म्हणून त्यांनी घाईघाईने गाणं सुरू केलं आणि पाठ फिरवली.

शुक्रवार असूनही सावकाश चालीचं ब्लूज होतं, त्या खिडकीतलंच. कुणीतरी बाबा सगळं गमावून बसलेला. बायका आधी चुळबुळल्या, मग गप्प झाल्या. गिटार विव्हळता विव्हळता मध्येच खट्याळपणे हसली, तशी मंजुळाची बोटं डब्याच्या झाकणावर वाजायला लागली. शेजारणीने दुसरं झाकण घेतलं. गाणं चढलं, वळलं, थबकलं आणि शेवटच्या एका सुरावर येऊन अलगद टेकलं. भोंग्याच्या बटणावर बोट ठेवून उभा असलेला केतन दाबायचंच विसरला होता.

"अगं बाई," मंजुळा म्हणाली, "याला शेवट पण असतो!"

सगळं पॅकिंग हसलं. मंजुळा कर्णिकांकडे वळली.

"इतका झकास शेवट, आणि रोज भोंग्याच्या घशात घालत होतात? समीक्षाताई, आम्हाला गाणं पाहिजे. सोमवारपासून अख्खं पाहिजे."

दारात उभ्या असलेल्या समीक्षाने विचारलं, "एवढंच ना?"

"नाही. माइक मी धरणार."

सोमवारी मंजुळाने माइक घेतला. "गाणं रडकं आहे. पण नंतर बरं वाटतं. ऐका," एवढंच बोलून तिने तो ठेवून दिला.

कर्णिक खोक्यांच्या मधे स्टुलावर बसले होते. मरोळच्या त्या खिडकीखाली उभ्या असलेल्या मुलाला गायकाचं नाव ठाऊक नव्हतं, इंग्रजीचा एक शब्द कळत नव्हता, आणि तरी तो शाळेपर्यंत उड्या मारत गेला होता. त्याला कुठे कुणी निवेदन केलं होतं? एवढी साधी गोष्ट आपल्या टाळक्यात शिरायला इतकी वर्षं लागली, याचं त्यांना मनापासून हसू आलं.

पण सवय ती सवय. गिटार सुरू झाली तसे ते शेजारच्या बाईकडे झुकलेच. "हा जो तुकडा आहे ना, यात गंमत अशी..."

"शूऽऽ!" तिने डोळेही न उघडता ओठांवर बोट ठेवलं. "ऐकू द्या ना, भाऊ."

गणेशोत्सवात कर्णिकांच्या निवेदनाला टाळ्या पुष्कळ मिळाल्या होत्या. पण अशी दाद उभ्या जन्मात मिळाली नव्हती. ते आनंदाने गप्प बसले.