माझी चोरलेली थंडी

मी कोल्हापूरची. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे पेठेची इज्जत. माझ्या वडिलांनी एका पेनल्टीवरून स्वतःच्या मावसभावाशी तेवीस वर्षं अबोला धरला होता. पंच तो होता, आणि वडिलांच्या मते त्याला चष्मा हवा होता. त्याच्या मुलीच्या लग्नाला वडील गेले, जेवले, आहेर दिला आणि एक शब्द न बोलता परत आले. त्या घरात वाढलेल्या मुलीकडून क्षमेची अपेक्षा करणारा माणूस मुळातच चुकीच्या दारात उभा होता.

तो माणूस म्हणजे काका. नात्याने कुणी नव्हेत. डेट्रॉइटच्या आसपासचे सगळे मराठी लोक त्यांना काकाच म्हणत. पुण्याहून फार वर्षांपूर्वी आलेले, मोटारींच्या कंपनीतून मोठ्या हुद्द्यावर निवृत्त झालेले, आणि मग डेट्रॉइटजवळच ट्रॉयमध्ये एक छोटी सल्लागार कंपनी काढून बसलेले. मी मास्टर्स संपवून नोकरी शोधत होते तेव्हा त्यांनीच मला घेतलं. "आपली मुलगी आहे," असं सगळ्यांना सांगत. मी त्यांना आजही अहो-जाहो करते. राग कितीही असला तरी तोंडाला लागलेलं वळण सुटत नाही.

त्या वर्षी कंपनीला एक मोठं काम मिळालं. अमेरिकेतल्या एका व्यावसायिक सॉकर लीगला कॅनडात आणखी शहरांमध्ये टीम द्यायच्या होत्या. कुठल्या शहरात लोक येतील, स्टेडियम कुठे बसेल, थंडीचं काय करायचं, याचा अभ्यास आम्हाला करायचा होता. माझ्या वाट्याला प्रेअरीवरचं एक शहर आलं. सपाट, वारा सुटला की अडवायला झाडसुद्धा नाही असं. लीगचे लोक त्या शहराबद्दल फारसे उत्सुक नव्हते. मी मात्र पहिल्याच फेरीत त्याच्या प्रेमात पडले, कारण तिथे टॅक्सीवाले पंजाबी आणि बेकरीवाले पोर्तुगीज सिग्नलला गाड्या थांबवून फुटबॉलवरून भांडत होते. मला घरी आल्यासारखं वाटलं.

दुसरी फेरी फेब्रुवारीत झाली. उणे तीस. स्टेडियमसाठी सुचवलेली जागा गावाबाहेरच्या जत्रेच्या मैदानावर होती आणि संध्याकाळी तिथे बस कशा येतात ते मला स्वतः पाहायचं होतं. मिशिगनच्या थंडीपुरतं घेतलेलं जॅकेट घालून मी थांब्यावर उभी राहिले. पाच मिनिटांत पापण्या एकमेकींना चिकटल्या. पंधरा मिनिटांत कान आहेत की नाहीत हे हात लावून पाहावं लागलं. समोर एक फुगवलेला पांढरा घुमट दिसला, खाली दिवे लागलेले. मी अक्षरशः धडपडत आत शिरले.

आत बायकांची मॅच चालू होती. दाराशी टेबल मांडून सत्तरीची एक बाई बसली होती, शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेली. गावातली बायकांची लीग तीच चालवायची. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, उठली, स्वतःच्या खुर्चीवरचा कोट उचलला आणि माझ्या अंगावर टाकला. कोट माझ्या घोट्यांपर्यंत आला. एका बाहीला चंदेरी चिकटपट्टी लावलेली, आणि आतून ओल्या कुत्र्याचा वास.

"इथे काय करतेस?" तिने विचारलं.

मी सांगितलं.

"म्हणजे आम्हाला टीम मिळणार की नाही ते तू ठरवणार?"

"मी नाही. मी फक्त लिहिणार."

"मग आधी गरम हो. मेलीस तर लिहील कोण?"

त्या संध्याकाळी ती माझ्याशी दोन तास बोलली. तरुणपणी तिला बाहेरगावी जाऊन खेळायचं होतं, ते झालं नाही. आपल्या गावात खरी टीम यावी म्हणून तिने कितीजणांना पत्रं लिहिली होती. तिनेच मला सांगितलं, की मैदानाची खालची बाजू घेऊ नका. बर्फ वितळला की एप्रिलमध्ये तिथे बदकं पोहतात. मी मार्चअखेरीस तिसऱ्यांदा गेले तेव्हा पाणी भरायला लागलं होतं. स्टेडियम वरच्या बाजूला हवं आणि गावातली पहिली मॅच मेच्या मध्यात हवी, हे मी अहवालात कारणांसकट लिहिलं. थांब्यावरची थंडी आणि 'एका वयस्कर बाईने दिलेला कोट' हेही प्रस्तावनेत चार ओळींत लिहिलं. आकड्यांच्या आधी माणसं दिसावीत म्हणून.

मे महिन्यात अहवाल छापून आला. कव्हरवर एकच नाव होतं, काकांचं.

"अगं, क्लायंटला सीनियर नाव लागतं," ते म्हणाले. "तुझं नाव आहे ना टीममध्ये."

होतं. शेवटच्या पानावर, आभारात, स्पेलिंग चुकवून.

माझा व्हिसाचा अर्ज त्याच महिन्यात त्यांच्या सहीने गेला होता. मी म्हटलं, "ठीक आहे काका." माझी नागपूरची रूममेट म्हणाली, "सोडून दे यार, सगळीकडे असंच असतं." मी सोडलंही असतं कदाचित. नावाचं एवढं काही नाही.

पण मग गणपती आले. मंडळाचा कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये होता. आरती झाली, प्रसाद वाटला आणि काकांना चार शब्द बोलायला सांगितलं. त्यांनी माइक हातात घेतला आणि कॅनडाची गोष्ट सुरू केली. "उणे तीस डिग्री! मी बस स्टॉपवर उभा. पापण्या चिकटल्यात. या वयात, म्हटलं, आता काही खरं नाही. तेवढ्यात एक आजीबाई आली आणि तिने स्वतःचा कोट काढून माझ्या अंगावर घातला. माणुसकी अजून शिल्लक आहे, मंडळी."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोघीतिघींनी डोळे पुसले.

मी मोदकांची ताटली धरून उभी होते. शेजारी काकू होत्या, काकांच्या पत्नी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, झटकन मान वळवली आणि पदर सारखा करायला लागल्या. फेब्रुवारीत काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. ते महिनाभर घराबाहेर पडले नव्हते. काकूंनीच त्यांना बाथरूमपर्यंत धरून नेलं होतं, आणि ते मी काकूंच्याच तोंडून ऐकलं होतं.

नाव नेलंत, न्या. पण ती थंडी माझ्या कानांना लागली होती. तो कुत्र्याचा वास माझ्या नाकात होता. ती बाई माझ्याशी बोलली होती. त्या हॉलमध्ये मी ठरवलं की या माणसाला मी सोडणार नाही. ठरवल्यावर फार शांत वाटलं. दोन मोदक खाल्ले.

मी घाई केली नाही. व्हिसा मंजूर झाला. मी गुपचूप दुसऱ्या कंपन्यांत मुलाखती दिल्या आणि दुसऱ्या राज्यात, हर्नडनला, नोकरी मिळवली. ऑफर लेटर बॅगेत होतं, पण काकांना सांगितलं नव्हतं, कारण ऑक्टोबरमध्ये लीगच्या समितीसमोर प्रेझेंटेशन होतं आणि त्याची सगळी व्यवस्था माझ्याकडे होती. डेट्रॉइटला, नदीकाठच्या हॉटेलात. खिडकीतून पलीकडे कॅनडा दिसायचा.

प्रत्येक शहरातून एक स्थानिक माणूस बोलवायचा होता.

"व्हिडिओवर घे कुणालातरी," काका म्हणाले.

मी त्या बाईला फोन केला. "तुम्ही स्वतः याल का?"

"मी? मला काय बोलता येतं?"

"तुमच्या गावाबद्दल तुमच्याइतकं कोण बोलणार?"

ती इतकी हरखली की लगेच काय घालून येऊ ते विचारायला लागली. मी एकही वाक्य खोटं बोलले नाही. खरं मात्र अर्धंच सांगितलं. काकांना म्हटलं, बायकांच्या लीगमधल्या एक निवृत्त शिक्षिका येताहेत. त्यांनी मान हलवली. त्यांच्या दृष्टीने ती यादीतली एक ओळ होती.

प्रेझेंटेशनच्या सकाळी मी त्यांच्या टायची गाठ सरळ केली आणि म्हटलं, "काका, सुरुवात त्या कोटाच्या गोष्टीने करा. समितीला आवडेल."

"तुला वाटतं?"

"गणपतीत काय टाळ्या पडल्या होत्या!"

ते खूश झाले. मला म्हणाले, "तू फार गुणी मुलगी आहेस."

बाईला मी दुसऱ्या रांगेत, मधोमध बसवलं होतं. निळा स्वेटर, नुकतेच कापलेले केस. मी मागे प्रोजेक्टरपाशी बसले.

काका उत्तम बोलायचे, हे मान्य करायला हवं. बस स्टॉप, पापण्या, वारा, सगळं रंगवलं. "आणि मग एका आजीबाईने तिचा कोट माझ्या खांद्यांवर ठेवला." ते थांबले. समितीतले लोक हसऱ्या चेहऱ्याने ऐकत होते.

दुसऱ्या रांगेत हात वर झाला.

"माफ करा," बाई म्हणाली. "तो कोट माझा आहे."

काकांना आधी आनंदच झाला. त्यांना वाटलं असावं की हा योगायोग आहे, प्रसंग आणखी रंगणार. मग ती म्हणाली, "आणि मी तुम्हाला कधी पाहिलेलं नाही. मी तो एका मुलीला दिला होता. ती तिथे मागे बसली आहे."

सगळ्या माना वळल्या. मी कुणाकडेही पाहिलं नाही, फक्त काकांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा आधी हसरा राहिला, मग हसू तसंच राहिलं आणि त्यामागचा चेहरा विझला. तो क्षण मला अजून हवा तेव्हा आठवता येतो. चहा पिताना आठवला तर चहा जास्त चांगला लागतो.

समितीची अध्यक्ष फार कडक होती. तिने विचारलं, "तुम्ही त्या शहरात किती वेळा गेलात?"

"आमच्या टीमने तीन फेऱ्या..."

"तुम्ही."

काकांनी पाण्याचा ग्लास उचलला.

"बरं. स्टेडियम वरच्या बाजूला का हवं? पहिली मॅच मेपर्यंत का थांबवायची?"

काकांनी कागद चाळले. कारणं चौथ्या प्रकरणात होती, पण ते त्यांनी वाचलं नव्हतं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत पहिल्यांदाच विनंती होती.

मला उत्तर ठाऊक होतं. उभी राहून दोन मिनिटांत सांगितलं असतं तर ते शहर वाचलं असतं. मी लॅपटॉपची वायर नीट गुंडाळत बसले. वायर आधीच नीट होती. खोलीत कुणी बोलेना, आणि मला ती शांतता हवीहवीशी वाटत होती. शेवटी बाईच काहीतरी बोलायला लागली, पाणी, बर्फ, बदकं. पण ती घाबरली होती, वाक्यं तुटत होती, आणि अध्यक्ष केव्हाच पुढच्या शहराच्या फाइलकडे वळली होती.

बाहेर कॉरिडॉरमध्ये बाईने मला गाठलं. मला वाटलं होतं ती मला मिठी मारेल. इतकी मी मूर्ख होते.

"तुला सगळं माहीत होतं," ती म्हणाली. "तू उठली का नाहीस?"

"त्यांनी माझं काम चोरलं होतं."

"ते कळलं मला. मला इथे कशाला आणलंस तेही कळलं." तिने पर्समधून एक घडी घातलेला कागद काढला. गावाबद्दलचं भाषण तिने स्वच्छ अक्षरात लिहून आणलं होतं. वाचायची तिची पाळी आलीच नव्हती. "तुला जे हवं होतं ते मिळालं. आमचं काय?"

मी काहीतरी बोलले. काय ते आठवत नाही, म्हणजे आठवण्यासारखं नसावं. तिने कागद परत पर्समध्ये ठेवला आणि लिफ्टकडे गेली.

टीम दुसऱ्या शहराला मिळाली. आमच्या शहराचा विचार 'पुढच्या टप्प्यात' होईल असं कळवण्यात आलं. लीगने काकांच्या कंपनीला पुन्हा काम दिलं नाही. मंडळात गोष्ट कशी पोचली मला माहीत नाही. मी फक्त रूममेटला सांगितली होती, आणि तिच्या तोंडात काही राहत नाही हे मला चांगलं ठाऊक होतं. बाईला मी दोनदा पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. तिच्याबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखी सबब नाही, आणि काकांचा हिशोब चुकता करताना तिलाच सर्वात जास्त लागलं, हे मी कुणी विचारलं तर लपवत नाही.

काकांबद्दल मात्र मला कधी वाईट वाटलेलं नाही. वाटावं म्हणून प्रयत्न करून पाहिला.

गेल्या हिवाळ्यात मी हर्नडनहून एका लग्नासाठी ट्रॉयला गेले होते. इंडियन ग्रोसरीच्या दुकानात काकू भेटल्या, मेथीच्या जुड्या उलट्यासुलट्या करत. त्यांनी माझा हात धरला.

"ते आता मंडळात येत नाहीत," त्या म्हणाल्या. "गुडघा दुखतो म्हणतात."

मी मेथीची एक जुडी उचलून टोपलीत टाकली.

"गणपतीत मला माहीत होतं, गं. ते बोलत होते तेव्हा. मी तेव्हाच काहीतरी..." त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली. मग दाराकडे बोट केलं. "बाहेर गाडीत बसलेत. भेटतेस का? त्यांना बरं वाटेल."

"नाही, काकू."

त्यांनी हात सोडला. मी बिल केलं आणि पिशवी घेतली. दुकानाला दार एकच होतं आणि गाडी बरोबर त्याच्या समोर होती, काचेआड काका, गळ्याला मफलर. त्यांनी मला पाहिलं. मी गाडीसमोरून गेले, आणि सावकाश गेले.