पाच डब्यांतला झेंडू

आम्ही तेव्हा वर्तकनगरला राहायचो, तळमजल्यावर. वडील कंपनीत फिटर होते. मी बारावीला अडकलो आणि एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये चिकटलो. आमच्या घरात पहिली पदवी आली ती माझ्या धाकट्या बहिणीची. वनस्पतिशास्त्र घेऊन बीएस्सी झाली आणि कल्याणच्या एका कॉलेजात लॅब असिस्टंट म्हणून लागली. ज्या दिवशी तिला कामाचं पत्र आलं त्या दिवशी वडिलांनी बाबासाहेबांच्या फोटोला नवा हार आणला होता.

आमच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येकीच्या दारात दोन-तीन कुंड्या असायच्या आणि त्यातली निम्मी झाडं कायम मरतुकडी. समोरच्या काकू म्हणायच्या, एकेकीचा हातच तसा असतो, लावलेलं जगत नाही. बहिणीला हे पटायचं नाही. ती म्हणायची हाताचा काही संबंध नाही, सगळा खेळ मातीचा आहे, मी दाखवते. आणि ती खरंच दाखवायला बसली.

तिने डालड्याचे पाच सारखे डबे जमवले. तळाला भोकं पाडायचं काम माझ्याकडे होतं, प्रत्येक डब्याला पाच, खिळा आणि हातोडी घेऊन. पहिल्या डब्यात येऊरच्या पायथ्याची लाल माती. दुसऱ्यात आंबिवलीच्या बाजूने आणलेली नदीकाठची काळी. तिसऱ्यात मानपाड्याच्या कारखान्यांमागची राखाडी माती, तिथे तिची एक मैत्रीण राहायची. चौथ्यात तिने स्वतः केलेलं मिश्रण : लाल माती, शेणखत आणि गिरणीतून मागून आणलेलं भाताचं तूस. सगळ्यांत एकाच पुडीतलं झेंडूचं बी, एकाच मापाने पाणी. पाचवा डबा आठवडाभर रिकामाच होता.

तो भरला तिच्या कॉलेजातल्या एका क्लार्कने. तो ठाण्याच्या कोळीवाड्यातला. डब्यांबद्दल ऐकल्यावर तो म्हणाला म्हणे, आमच्या खाडीने काय घोडं मारलंय? रविवारी सकाळी सायकलला रॉकेलचा कॅन बांधून खाडीचा काळा चिखल घेऊन हजर झाला. त्या वासाने आईने पदर नाकाला लावला. तो हसला आणि म्हणाला, "मावशी, या वासावरच आमची तीन पिढ्यांची पोटं भरली."

मला तो पहिल्याच दिवशी आवडला होता. हे मी मुद्दाम सांगतो आहे.

बहीण दर रविवारी फूटपट्टीने रोपांची उंची मोजायची आणि वहीत लिहायची. काळ्या मातीतलं रोप सगळ्यात आधी उगवलं, पण त्या डब्यातून पाणी निघेना. खालची पानं पिवळी पडली. लाल मातीतलं बुटकं राहिलं, पण ताठ. राखाडीतलं बोटभर झालं आणि तिथेच थांबलं, मेलं नाही, वाढलंही नाही. मिश्रणातलं सगळ्यांच्या पुढे गेलं. खाडीच्या चिखलात बी रुजलंच नाही, वर पांढरी मिठाची साय आली.

तिने तो डबा सोडला नाही. चिखल बादलीत घेऊन गोड्या पाण्याने धुवायचा, निवळू द्यायचा, वरचं पाणी ओतून पुन्हा धुवायचा. हे काम ती आणि तो क्लार्क मिळून करायचे, दाराबाहेर उकिडवं बसून, कोपरापर्यंत काळे हात. धुतलेला चिखल वाळवून, फोडून, त्यात वाळू आणि शेणखत घालून तिने पुन्हा बी टाकलं. ते उगवलं तेव्हा त्याने डब्याकडे बघितलं नाही, तिच्याकडे बघितलं. मी खिडकीत दाढी करत होतो. मला सगळं कळलं.

लपवाछपवी त्यांनी केली नाही. तिने आईला सांगितलं, त्याने त्याच्या घरी. एका रविवारी त्याची आई आमच्याकडे आली. खुर्चीच्या कडेवर बसली. भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो बघितला, मग जमिनीकडे बघत राहिली. आईने चहा ठेवला. त्या बाई हवापाण्याचं बोलल्या, घराचं भाडं विचारलं. चहावर साय धरली तरी त्यांनी कपाला हात लावला नाही. त्या गेल्यावर आईने तो कप उचलला, चहा मोरीत ओतला आणि कप कितीतरी वेळ घासत राहिली. त्या रात्री वडील जेवले नाहीत.

पुढच्या रविवारी तो एकटा आला. मान खाली घालून माफी मागितली आणि म्हणाला, मला थोडे महिने द्या, मी आईला समजावतो. बहीण म्हणाली, दिले. तिला त्यात काही अवघड वाटलं नाही. मला मात्र तो कपच दिसत होता. आज चहा नाकारला, उद्या ही त्यांच्या घरात गेल्यावर काय काय नाकारतील, आणि ही ते सगळं गिळत राहील, कारण तिची सवयच सोडून न देण्याची. वडिलांचा चेहरा मला बघवत नव्हता. कोणीतरी हे थांबवायला हवं, असं मी ठरवलं. मला कोणी सांगितलं नव्हतं.

एका संध्याकाळी कामावरून परस्पर मी खाडीवर गेलो. तो होडीच्या कडेला बसून काही डागडुजी करत होता. मी त्याला सांगितलं की बहिणीचं आमच्या नात्यात ठरलंय, मुलगा बँकेत आहे.

त्याने विचारलं, "तिला माहितेय?"

"तिनेच सांगायला पाठवलं."

तो हातातलं काम ठेवून उभा राहिला. मग म्हणाला, एकदा भेटू का तिला? मी म्हणालो, नको, तिला त्रास होईल. त्याने मान हलवली आणि पुन्हा कामाला बसला. मी घरी येताना भजी घेऊन आलो. बहिणीनेही खाल्ली.

दुसऱ्या दिवसापासून त्याने रजा टाकली आणि महिन्याभरात कॉलेज सोडलं. जाताना तिला भेटला नाही. तिला वाटलं तो आईपुढे नमला. ती रडली असेल तर मला दिसली नाही. मोजणी तिने थांबवली नाही, पाचही डब्यांचं फुलं येईपर्यंत लिहिलं. धुतलेल्या चिखलातल्या रोपाला उशिरा, पण भरपूर फुलं आली, मिश्रणातल्याच्या तोडीची. ते वहीत नोंदवून झाल्यावर तिने पाचही डबे फाटकापाशी एकाच ढिगात उपडे केले आणि डबे भंगारवाल्याला दिले. स्थळं येत राहिली. ती नाही म्हणत राहिली. कारण विचारलं की म्हणायची, मला घाई नाही.

अशी आठ वर्षं गेली. माझं लग्न झालं, मुलगी झाली, वडील गेले. एक दिवस ती कॉलेजातून आली आणि चप्पल न काढता दारात उभी राहिली. मी मुलीला भात भरवत होतो.

"आज तो भेटला," ती म्हणाली. "डोंबिवलीला. बरोबर त्याची मुलगी होती. मला विचारलं, तुझे मिस्टर कुठल्या बँकेत आहेत?"

मी हातातला घास ताटात ठेवला. मी सगळं सांगितलं, कपासकट. ती ऐकत होती. मग तिने मला तो भाग सांगितला जो मला माहीत नव्हता, तिलाही आज त्याच्याकडूनच कळलेला. मी खाडीवर गेलो त्याच आठवड्यात त्याच्या आईने त्याला विचारलं होतं, त्या पोरीला मासे साफ करता येतात का? आई तयार झाली, हेच सांगायला तो त्या रविवारी आमच्याकडे येणार होता.

मी तिचे पाय धरायला वाकलो. ती मागे सरकली.

"तू माझ्या भल्यासाठीच केलंस, हे मला दिसतंय," ती म्हणाली. "म्हणून तुझ्यावर धड रागावताही येत नाही मला. पण एकदा मला विचारायचंस रे."

दोन महिन्यांनी तिने डोंबिवलीला खोली घेतली. भांडून गेली नाही. आईला दर रविवारी भेटायला यायची, माझ्या मुलीला पुस्तकं आणायची, माझ्याशी पाण्याच्या वेळा, आईची औषधं एवढं बोलायची. आई शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा तिने रजा काढून सगळं केलं आणि आई गेल्यावर जलदानविधी उरकून निघून गेली.

नंतर एकदा ती तापाने आजारी आहे असं कळलं म्हणून मी गेलो. खोली नीटनेटकी होती. मी औषधं, मोसंबी नेली होती. तिने उठून चहा केला, मी नको म्हणत असतानाही. आम्ही दोघांनी तो प्यायला. तिच्या बदलीचं चाललं होतं, त्याबद्दल बोललो. मला पुष्कळ बोलायचं होतं, ते मी जिन्यापर्यंत घेऊन गेलो आणि तसंच खाली उतरलो. वरून तिने एवढंच सांगितलं की खालचा दिवा गेलाय, कठड्याला धरून जा.