रडण्याचा दिवा

सर्किट बोर्डाचं ड्रॉइंग कॉम्प्युटरवर करायला लागलो, तेव्हा घरात कुणाला त्याचं कौतुक नव्हतं. आई म्हणायची, "त्या पडद्यावर रेघोट्या वडून काय मिळतंय तुला?" मिळत काहीच नव्हतं. दिवसभर एका पतसंस्थेत कारकुनी करायची आणि संध्याकाळी कसबा बावड्याला घरी येऊन हा उद्योग. छंदाला कारण विचारू नये, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आताही आहे. ज्याला विचारायचंच असेल त्यानं आधी क्रिकेट बघणाऱ्याला विचारावं.

त्याआधी, नव्वदच्या दशकात, सगळं हातानं चालायचं. एका बाजूला तांब्याचा पातळ थर असलेली पाटी आणायची. वीज जिथनं जायला हवी त्या वाटा तिच्यावर रंगानं काढायच्या आणि पाटी फेरिक क्लोराइडच्या पाण्यात सोडायची. रंगाखालचं तांबं राहतं, बाकीचं विरघळून जातं. रंग म्हणून मी आक्काचं नेलपॉलिश चोरायचो. आक्का माझी मोठी बहीण. लहानपणी तिला मेंदूज्वर झाला आणि दोन्ही कान गेले. बोलायला आधीच शिकली होती म्हणून बोलणं राहिलं, एका पट्टीतलं. समोरच्याचं बोलणं ती ओठांवरून वाचते. बाटली रिकामी दिसली की मात्र तिच्या त्या एका पट्टीतसुद्धा माझा असा काही उद्धार व्हायचा की आई हसून हसून बेजार.

पुढं एका मासिकाबरोबर सॉफ्टवेअरची सीडी मिळाली. फुकटची आवृत्ती होती, ठरलेल्या मापापेक्षा मोठा बोर्ड काढू द्यायची नाही. माझे बोर्ड काडेपेटीएवढे, मला काय फरक पडतोय! पडद्यावर आधी सगळे भाग येऊन पडतात आणि कुठला भाग कुठल्याला जोडायचा ते दाखवणाऱ्या बारीक रेघांचा नुसता गुंता असतो. भाग सरकवला की रेघा त्याच्या मागनं ताणत येतात. तो इकडं घे, हा फिरव, असं करत गुंता सोडवायचा आणि मग एकेक वाट पक्की करायची. एका वाटेनं दुसरीला कुठंही छेदायचं नाही. एक बटण असं होतं की ते दाबलं की सॉफ्टवेअर आपलं आपण सगळ्या वाटा काढायचं. मी एकदा दाबून बघितलं. बावड्यातनं रंकाळ्यावर सोड म्हटल्यावर जोतिबावरनं नेणारा रिक्षावाला परवडला. परत त्या बटणाला हात लावला नाही.

आक्काचं लग्न आजऱ्यात झालं. दाजी काजूच्या कारखान्यात कामाला, माणूस सरळ, आक्काशी बोलताना कायम तिच्यासमोर येऊन बोलणार. पहिल्या बाळंतपणाला ती आमच्याकडं आली आणि मुलगी झाली. नामकरणाला घरातच बुद्धवंदना झाली, खिरीच्या वाट्या फिरल्या, आणि तेवढ्यात तिच्या सासूबाईंनी सगळ्यांसमोर विषय काढला. मी त्यांना मावशी म्हणतो.

"पोरगी रातची माझ्याजवळ झोपंल," मावशी म्हणाल्या. "माझ्या ल्योकाला रातपाळी असती. हिला ऐकाय येत न्हाय. पोरगं रडून रडून निळं पडलं तर कुणाला कळायचं? वरचं दूध घालीन की मी. दिवसभर हाय की हिचीच."

भीती खोटी नव्हती. आईनंसुद्धा मान हलवली. आक्का कोपऱ्यात मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. तिनं खोलीच्या त्या टोकावरनं सगळं वाचलं आणि मुलीचं टोपडं सारखं करत राहिली. मला मात्र संताप आला. चालत्या-बोलत्या आईजवळनं मूल उचलायचं, तेही एवढ्या गोड शब्दांत!

पाव्हणे गेल्यावर आक्का माझ्या खोलीत आली. "माझी पोरगी माझ्याजवळच झोपणार," ती म्हणाली. "तू त्या पडद्यावर एवढं काय काय करतोयास. मला एक दिवा करून दे. ही रडली की लागणारा." ती तिसऱ्या महिन्यात आजऱ्याला परत जायची होती. तेवढ्यात दिवा झाला तर मुलगी तिची, नाहीतर रोज रात्री सासूच्या अंथरुणात, हे तिला कळत होतं आणि मलाही.

सर्किट अवघड नव्हतं. झोळीजवळ एक बारका माइक. रडण्याचा आवाज थोडा वेळ टिकला की एक दिवा लावायचा आणि उशीखाली एक छोटी मोटर थरथरवायची. मोटर मी जुन्या मोबाइलमधनं काढली. आधी सगळं सुट्या तारांनी जोडून बघितलं. पंखा लावला की दिवा, मिक्सर लावला की दिवा, आणि पोरगी टाहो फोडायला लागली की अंधार. माइकच्या लांब तारा घरातल्या विजेची सगळी घरघर ओढून घेत होत्या. असली भुताटकी घेऊन आजऱ्याला गेलो असतो, तर मावशींनी चहा पाजून तसंच परत पाठवलं असतं. वाटा आखूड हव्या होत्या, म्हणजे नीट काढलेला बोर्डच हवा होता.

मी बसलो. माइकची वाट एका कडेला, मोटरची दुसऱ्या कडेला, मधे जमिनीचा, म्हणजे ऋण टोकाचा, रुंद पट्टा. आक्का मुलीला पाजत मागं बसायची आणि पडद्यावर बोट ठेवून विचारायची, "ही वाट एवढी वळून का चाललीया?" मी तिच्याकडं तोंड फिरवून सांगायचो. दोन-चार वेळा तिच्या प्रश्नामुळंच वाट सरळ झाली. तयार ड्रॉइंग कागदावर छापलं, कागद थर्माकोलवर ठेवला आणि प्रत्येक भागाचे पाय त्यात टोचून बघितले. सगळे बरोबर बसले. माइक कुठं, बॅटरी कुठं, दिवा कुठं, तेही इंग्रजीत लिहून टाकलं, म्हणजे पुढं दुरुस्तीला कुणी बसलं तर त्याला कळावं. शहाणपणा नडतो तो असा.

एक-दोन बोर्ड हवे असले की आमच्याकडं कारखान्यात कुणी विचारायचं नाही. आम्ही हौशी मंडळी लग्नपत्रिका छापणाऱ्याकडं जायचो. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये त्याच्या हातनं बारीक रेघसुद्धा सुबक उठते, पत्रिकेवर काय आणि तांब्यावर काय. लग्नसराई ऐन भरात होती. त्यानं हो-नाही करत काम घेतलं आणि आक्का निघायच्या दोन दिवस आधी पाटी हातात दिली. बघतो तर माझी इंग्रजी अक्षरं सरळ वाचता येत होती.

"अक्षरं सरळ कशी आली?" मी विचारलं.

"उलटी हुती की, पावणं! तुमच्या ध्यानात न्हाय आलं," तो खुशीत म्हणाला. "मी सुलटी करून घेतली."

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"सांगाय कशाला पायजे? नवरदेवाचं नाव उलटं छापलं तर पोरीचा बाप मारतोय आम्हास्नी."

मी ड्रॉइंग पडद्यावर वरच्या बाजूनं बघून केलं होतं. भाग पाटीच्या वर बसतात, तांबं खाली असतं, म्हणून छापायला देताना ते मुद्दाम उलटं करून दिलं होतं. खालनं बघितल्यावर अक्षरं उलटीच दिसायला हवीत. या भल्या माणसानं अक्षरांची काळजी वाहता वाहता त्यांच्याबरोबर सगळ्या वाटाही फिरवून ठेवल्या होत्या. आता भाग बसवले असते तर आयसीचा, म्हणजे मुख्य चिपचा, डावा पाय उजव्या वाटेवर. मी त्याला दुकानातच चार शब्द सुनावले. तो मनापासून गोंधळला. दुसरी छापून द्यायला त्याला सवड नव्हती, टेबलावर पत्रिकांच्या थप्प्याच लागल्या होत्या.

घरी येताना सायकलवर डोकं चालू लागलं. पाटी उलटी झालीय ना, मग भागही उलट्या बाजूला बसवू. वर बसायचे ते सगळे खाली, थेट तांब्यावर. डावं-उजवं आपोआप जुळणार. पाटी फेरिक क्लोराइडमधनं काढली आणि मी तसंच केलं. तांब्याला लागून डाख द्यायचा म्हणजे कटकट, आयसीच्या पायांशी डाखाचा तापलेला काविया नीट पोचत नाही, बोटं दोनदा भाजली. दिसायला बोर्ड एकदम गबाळा झाला. साबणाच्या डबीत बसवला आणि झाकण लावलं. पंखा लावला, दिवा लागला नाही. मिक्सर लावला, नाही. पोरगी रडली आणि दिवा लागला. आईनं माझ्या पाठीत धपाटा घातला, म्हणजे शाबासकीचा.

आक्काला पोचवायला मीच आजऱ्याला गेलो. दाजी कामावर होते. मावशींनी डबी हातात घेऊन उलटसुलट बघितली.

"ह्याच्या भरवशावर पोरगी ठिवायची?" त्या म्हणाल्या. "दिवसा लावून दावा. मग बघू."

मधल्या खोलीत झोळी टांगली. माइक झोळीच्या दोरीला बांधला आणि तार भिंतीच्या कडेनं स्वयंपाकघरापर्यंत नेऊन चुलीसमोर दिवा बसवला. आक्का भाकरी थापायला बसली. मावशी मधल्या खोलीतच दाराच्या उजेडाला बसून सुपातल्या काजूगराची साल काढू लागल्या, झोळी त्यांच्या पाठीमागं हाताच्या अंतरावर. मी दोन्ही खोल्यांच्या मधल्या उंबऱ्यावर. आता पोरगीनं रडायला हवं होतं, तर ती ढाराढूर झोपलेली. आमच्या घरी चोवीस तास भोकाड, आणि इथं परीक्षेच्या वेळेला शहाणं बाळ!

शेवटी ती हलली, कुरकुरली आणि तिनं टाहो फोडला. माझं लक्ष दिव्याकडं. लागला! आक्कानं वर बघितलं, पिठाचे हात तसेच घेऊन उठली आणि माझ्या अंगावरनं मधल्या खोलीत आली. मला ओरडावंसं वाटलं, बघा मावशी, बघा! आणि मी मावशींकडं बघितलं. त्या साल काढत होत्या. पोरगी त्यांच्या पाठीशी बेंबीच्या देठापासनं रडत होती आणि त्यांचा हात एका लयीत चालला होता. आक्काची सावली सुपावर पडली तेव्हा त्यांनी मान वर केली.

"कशाला आलीस गं?" त्या म्हणाल्या. "पोरगी झोपलीया की."

आक्कानं झोळीतनं मुलीला उचललं. मावशी वळल्या आणि त्यांना मुलीचा उघडा जबडा आणि लाल झालेलं तोंड दिसलं. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. इतकं घाबरलेलं माणूस मी त्यानंतर क्वचितच बघितलंय. माझा नामकरणापासूनचा राग कुठल्या कुठं गेला, आणि त्याच्या जागी जे आलं ते रागाहून वाईट होतं. मला त्यांची दया आली आणि तेवढीच भीतीही वाटली. रात्री या घरात त्या एकट्या पोरीला राखणार होत्या.

"दिवा ब्येस झालाय," मावशी मोठ्यानं म्हणाल्या. "पोरगी हिच्याजवळच झोपू दे. मी सांगतो ल्योकाला." आणि सूप उचलून त्या मागच्या दारात, परड्याच्या, म्हणजे मागल्या अंगणाच्या, उंबऱ्यावर जाऊन बसल्या, आमच्याकडं पाठ करून.

आक्का पोरगीला खांद्यावर घेऊन मागच्या दाराच्या आतच उभी होती. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि आवाज न करता नुसते ओठ हलवले. "तुला ठाऊक हुतं?"

"लग्न झाल्यापासनं," ती म्हणाली. "माझ्यासारखीच तोंडाकडं बघती ती. मागनं हाक मारली तर वळत न्हाय."

"मग सांगितलं का न्हाईस? बारशालाच सांगायचं. तिथंच मिटलं असतं."

"मिटलं असतं की. पोरगी मला मिळाली असती." तिनं मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "पर मग तिच्यासंगं कोण बोललं असतं? ऐकाय येत न्हाय म्हणून कळलं की माणसं बोलायची थांबत्यात. मी ल्हानपणापासनं बघत आलीया. तू कुणाला सांगू नगंस."

तिला स्वतःचा आवाज कधी मोजता आला नाही. हे सगळं ती अख्ख्या परड्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलली. मी दचकून दाराकडं बघितलं. मावशी आमच्याकडं पाठ करून चार हातांवरच बसल्या होत्या. त्या काजू सोलत राहिल्या.