बिनऑइलचं पेट्रोल

माझ्या बोटीची मोटर तलावाच्या मध्यावर बंद पडली, ती माझ्या चुकीने. एवढं एक वाक्य मी दीड वर्ष कुणाजवळ बोललो नाही.

उमरेडच्या पुढे एका तलावाकाठी ती बारा फुटी फायबरची बोट पालथी पडून होती. मासेमारीच्या ठेकेदाराने टाकून दिलेली. सोबत गंजलेला ट्रेलर आणि पोत्यात गुंडाळलेली जुनी मोटर. मी सगळं घरी आणलं. बुडाच्या भेगा घासून फायबरने भरल्या. मोटर अडकवायची मागची फळी कुजली होती, ती काढून लकडगंजच्या वखारीतून आणलेलं सागवान बसवलं. ट्रेलरचे बेअरिंग बदलून घेतले. मोटर मात्र माझ्या आवाक्याबाहेरची होती. ज्याला विचारावं तो म्हणे, मुंबईला पाठवा.

जरीपटक्यातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने ती घेतली. उभा जन्म स्कूटरी दुरुस्त करण्यात गेलेला माणूस. "टू-स्ट्रोकच तं आहे, साहेब. चाकाच्या जागी पंखा, बस."

दोन महिने तो तिच्याशी झटला. मग एक दिवस त्याने दुकानासमोर निळ्या ड्रममध्ये पाणी भरलं, मोटर त्यात उभी बांधली आणि दोरी ओढली. तिसऱ्या झटक्याला सुरू झाली. पाणी रस्त्यावर उसळलं.

"मिस्त्री, कपडे बी टाका गा त्याच्यात, धुऊन निघतीन!" समोरचा चहावाला ओरडला.

पुढच्या वेळी गेलो तर दुकानाच्या पाटीवर खाली नवी ओळ आली होती: 'बोटीचे इंजिन दुरुस्त करून मिळेल.'

मोटर देताना त्याने ऑइलची बाटली माझ्या हातात ठेवली. "हे पेट्रोलमध्ये मिसळाचं, साहेब. भुलू नका, नाही तं इंजिन जाम होईन. आता पंपावर कोणी टाकून देत नाही."

"मिस्त्री, मीही स्कूटर चालवली आहे," मी म्हणालो.

चालवली होती, म्हणूनच चुकलो. आमच्या तरुणपणी पंपावरचा माणूसच ऑइल मापून टाकायचा. आपण नुसतं उभं राहायचं. त्या रविवारी मी कॅन भरून घेतला, झाकण लावलं आणि तसाच निघालो.

तलावावर ऑफिसातले चार मित्र आले होते. मिस्त्री धुतलेला पांढरा सदरा घालून, बायकोला घेऊन आला होता. तिने बोटीला हळदकुंकू लावलं, त्याने नारळ फोडला. पहिल्या फेरीला मी, तो आणि दोन मित्र बसलो. काठावर ती उभी राहून बघत होती.

मध्यावर पोचलो आणि मोटरचा आवाज घोगरा झाला. मग ती थांबलीच. दोरी ओढली, तर हलेना. वल्हं मिस्त्रीनेच हातात घेतलं, आणि मी त्या म्हाताऱ्याला काठापर्यंत वल्हवू दिलं.

"काय कप्तान, पोहत जायचं काय आता?" एक मित्र म्हणाला. दोघेही हसले.

ते हसणं मला झोंबलं. काठावर उतरताच मी ते मिस्त्रीवर काढलं. "स्कूटरवाल्याच्या हाती मोटर दिली, हेच चुकलं माझं. जमत नव्हतं तर तसं सांगायचं होतं."

त्याची बायको दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "माझंच काही राहून गेलं असन, साहेब."

बोट ट्रेलरवर चढवून झाली. गाडीची डिकी उघडली तर बाटली समोरच होती. सील तसंच. मी तिच्यावर ताडपत्री ओढली.

मोटर तो घेऊन गेला आणि महिनाभराने दुरुस्त करून पाठवली. काय बिघडलं होतं ते त्याने कळवलं नाही, मीही विचारलं नाही. नंतर एकदा तिकडून जाताना दिसलं, पाटीवरची नवी ओळ पांढऱ्या रंगाने पुसली होती. मग मी तो रस्ताच टाळू लागलो.

गेल्या महिन्यात, त्या चौघांपैकी एकाला घरची जुनी स्कूटर दुरुस्त करायची होती. "तुझ्या त्या मिस्त्रीकडे नको रे बाबा," तो म्हणाला आणि मी मान डोलावली. एवढ्या दिवसांनी, पुन्हा. त्याच संध्याकाळी मी जरीपटक्यात गेलो आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

मिस्त्री हातातलं काम करत राहिला. "मले मालूम होतं. पिस्टन बाहेर काढला तं पुरा कोरडा."

"मग बोललात का नाही?"

"तुमचे दोस्त होते ना तिथं. मंग बोलून काय करू?" त्याने पाना खाली ठेवला. "पण घरात सांगतलं होतं. तिले वाटते, मी आपली चूक झाकून राहिलो. तिले तुम्हीच सांगा."

घर दुकानाच्या मागेच. त्याची बायको गवार मोडत बसली होती. मी सांगत गेलो, ती मोडत राहिली. शेवटी मान वर केली.

"मले एकटीले सांगून काय होते, साहेब? त्या दिवशी तिथं कितीक लोकं होते."

चौघांपैकी तिघांना सांगून झालं. "एवढं काय त्यात," म्हणत तिघेही हसले. स्कूटरवाला मित्र राहिला आहे. आज त्याला दोनदा फोन लावला, आणि दोन्ही वेळा त्याने उचलायच्या आत मीच कापला.