वाढत्या मापाच्या बाई

रस्त्यात कुणाचंही पोर दिसलं की बाई त्याला थांबवून फ्रॉकची नाहीतर चड्डीची दुमड उलटून बघायच्या. पोर भांबावायचं, आई बावचळायची. बाईंचा निकाल ठरलेला. "आत काही ठेवलंच नाहीये. सहा महिन्यांत आखूड होणार, बघ." तुमच्याही गल्लीत असं कुणीतरी असेलच. आमच्या मालाडच्या चाळीत या शिवणक्लासच्या बाई होत्या, आणि आम्ही सहाजणी त्यांच्याकडे शिकत होतो.

शिवणीत जे जादा कापड सोडतात त्याला माया म्हणतात. बाई ती भरपूर सोडायला लावायच्या. बाजूला दोन बोटं, खाली चार. "पोर वाढतं गं, कपडा नको वाढायला?" कमी सोडली की सगळं उसवायला लावत. पहिल्या महिन्यात मी इतकं उसवलं की नवरा म्हणाला, "क्लास शिवायचा आहे की उसवायचा?"

पण बाईंना नुसता क्लास नको होता. मरोळला गाळा हवा होता. शिकवायचं आणि शिकलेलीला तिथेच कामाला लावायचं. नाहीतर हात बसला की बायका घरी मशीन घ्यायच्या आणि बाई पुन्हा नव्या बायकांना घेऊन काज-बटणापासून सुरू! एकदा आम्हाला रिकामा गाळा दाखवायला घेऊन गेल्या. आत पावलं टाकत म्हणाल्या, "इथे कटिंगचं टेबल. उभं राहून कापायचं. जमिनीवर बसून माझे गुडघे गेले." वॉचमन हाकलायला आला तर त्यालाच विचारलं, "पंखा कुठे लावू रे?" आम्ही हसून बेजार.

मग बाजारातल्या एका व्यापाऱ्यानं शाळेचे गणवेश शिवायला दिले. कापड त्याचं, शिलाई आमची. नीट झालं तर वर्षभर काम देतो म्हणाला. वर्षभर काम म्हणजे गाळा नक्की. माझी कात्री सरळ चालायची म्हणून कटिंग माझ्याकडे आलं. मी शिकवल्याप्रमाणे कापत गेले. बाजूला दोन बोटं, खाली चार.

तागे संपले आणि एका अख्ख्या वर्गाचे गणवेश कापायचे राहिलेच.

व्यापारी दारात उभा राहून ओरडला, "मापात कापायचं ना, बाई! पोरं वाढली तर नवीन घेतील!" हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"कटिंग कोणी केलं?"

"मी," बाई म्हणाल्या.

मी तोंड उघडलं तर माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "गप रव." रागावल्या की त्यांची मालवणी बाहेर यायची.

काम गेलं, गाळाही गेला. पुढे मला मरोळलाच एका एक्सपोर्टच्या कारखान्यात नोकरी लागली. सांगायला गेले तेव्हा वाटलं, आता चिडतील. तर म्हणाल्या, "जा. ते लोक कसं कापतात ते बघ आणि मला येऊन शिकव. मला घरचं शिवण येतं गं. धंद्याचं मला कुणी शिकवलंच नाही."

शिकले मी. एका ताग्यात जास्तीत जास्त नग कसे बसवायचे, कुठला तुकडा उलटा लावायचा, सगळं. दर रविवारी म्हणायचे, आज जाऊ. तोवर आम्ही बोरिवलीला राहायला गेलो होतो. कधी ओव्हरटाइम, कधी मुलीचा ताप. खोटं कशाला बोलू, लाजही वाटत होती. दोन वर्षं गेली.

शेवटी गेले. काखेत ब्राऊन पेपरची गुंडाळी, तिच्यावर गणवेशाचे सगळे तुकडे आखून घेतलेले. दार अनोळखी बाईनं उघडलं. नवी भाडेकरीण. मशीन विकून बाई गावी गेल्या म्हणाली. गावचा पत्ता चाळीत कुणाकडेच नव्हता. त्या दारात मला बाईंची फार आठवण आली. अजूनही कागद आखायला घेतला की येते.

भाडेकरणीनं माझ्या गुंडाळीकडे पाहिलं. "शिकायला आलात का? क्लास बंद झाला हो."

"हो, शिकायलाच आले होते," म्हटलं आणि जिना उतरले.