सविताताईंच्या डब्यांची लूट

सविता देवरेला तुम्ही कधी घरी बोलावलं असेल, तर तुमच्या स्वयंपाकघरात तिने विकलेले निदान दोन हवाबंद डबे असणारच. नसतील, तर तुम्ही तिला बोलावलंच नव्हतं, उगाच सांगताय.

कळवणची ही बाई लग्न होऊन नाशकात आली आणि एका कंपनीचे झाकणवाले डबे विकायला लागली. दुकानात नाही, लोकांच्या घरी. याला कंपनी 'पार्टी' म्हणायची. कुणाच्या तरी हॉलमध्ये दहा-बारा बायका जमवायच्या, ढोकळा खायचा, आणि ढोकळा संपेपर्यंत सविताने बोलायचं. जिच्या घरी पार्टी तिला कंपनीकडून भेट. हॉल, ढोकळा आणि बायका तिच्या, डबे आणि तोंड सविताचं.

आणि तोंड तरी कसलं! सविता डब्यांविषयी आधी चकार शब्द काढत नसे. ती विचारायची, "खरं सांगा, तुमच्या फ्रीजमध्ये या घडीला सगळ्यात जुनं काय आहे?" आधी सगळ्या गप्प. मग एखादी धीट बाई कबूल करायची, की दिवाळीतलं अर्धं लिंबू आहे. झालं, बांध फुटायचा. कुणाचा गणपतीतला पुरणाचा गोळा, कुणाची माहेरून आलेली आणि नाव विसरलेली चटणी. सगळ्यात जुनं जिचं, तिला बक्षीस. नाशकातल्या भल्या भल्या घरांच्या फ्रीजमधली गुपितं सविताच्या पोटात आहेत, आणि तिने ती कधी बाहेर काढली नाहीत. बायका तिला उगाच नाही पुन्हा बोलवत.

मग रश्श्याचा खेळ. मिसळीचा लालभडक रस्सा डब्यात ओतायचा, झाकणाच्या मधोमध दाबून हवा काढायची, आणि डबा यजमानीणबाईंच्या सगळ्यात पांढऱ्या चादरीवर उलटा धरायचा. बायकांचा श्वास अडकायचा. थेंब पडायचा नाही. गंगापूर रोडला एकदा पडला. सविता जागची हलली नाही. तिने त्याच बाईला चादर भिजत घालायला मोठा डबा विकला.

पण खरी कसोटी डबे विकण्यात नव्हती, पुढची पार्टी ठरवण्यात होती. आजच्या पार्टीतून उद्याची निघाली नाही, तर सविताने परवा जायचं कुठे? म्हणून ती "तुम्ही ठेवाल का पार्टी?" असं कधी विचारायची नाही. असं विचारलं की बाई नाही म्हणते. ती विचारायची, "शनिवार बरा पडेल की रविवार?" त्यातूनही एखादी म्हणायची, "अहो, पण आमचं घर लहान आहे." अशी बाई सापडली की सविता मनातल्या मनात हात चोळायची. जी आपलं घर मापायला लागली, तिने मनात बायका बसवल्यासुद्धा. आता फक्त ढोकळ्याचं बघायचं.

अशी पार्टीतून पार्टी निघत साखळी वर्षानुवर्षं चालली होती. आणि ती तुटू नये म्हणून सविता का जिवाचा आटापिटा करायची, हे तिच्या मुलालाही कळलेलं नव्हतं.

सविताचे यजमान रंगनाथराव गेले, त्यानंतरच्या संक्रांतीला बिल्डिंगमध्ये हळदीकुंकवाची बोलावणी फिरली आणि तिच्या दारावरून पुढे गेली. कुणी वाईट वागलं नाही. कुणी वावगं बोललंही नाही. बोलावणं तेवढं आलं नाही. सवाष्णींचा सण, त्यात विधवा बाईला कसं बोलवायचं, असं प्रत्येकीने आपापल्या घरी बसून ठरवलं असणार. डब्यांची पिशवी हातात असली की मात्र तीच दारं सताड उघडत. "या या सविताताई!" पाणी मिळे, खुर्ची मिळे, हसणं मिळे. ती पिशवी गेली तर कुणाची बेल वाजवायला तिच्याकडे कारणच उरणार नव्हतं. आणि मयूर, तिचा मुलगा, अंबडच्या कारखान्यातून घरी आला की म्हणायचा, "आई, बस झालं आता. आराम कर." आराम या शब्दाचा सविताला संताप यायचा.

या वर्षी साखळीची अगदी शेवटची कडी उरली. बायका फोनवर बोट टेकवून डबे मागवायला लागल्या होत्या. फोनला ढोकळा द्यावा लागत नाही. पाथर्डी फाट्याजवळच्या एका नव्या इमारतीतली सायली, एवढं एकच आमंत्रण हाताशी होतं. सायलीचं लग्न नवं, तिच्याकडचं पहिलं हळदीकुंकू. ती म्हणाली, "काकू, बायका जमणारच आहेत, त्यातच तुमची पार्टी करून टाकू." एरवी सविताने हळदीकुंकवाच्या दिवशी पार्टी घेतलीच नसती. पण इथून पुढची पार्टी निघाली नाही तर खेळ खलास, हे तिला पक्कं माहीत होतं. ती गेली.

तिने टेबलावर डबे मांडले. कंपनीच्या नवीन मालिकेतले, मोरपंखी, आंबा, डाळिंबी रंगांचे. डबे उघडे ठेवले आणि झाकणं शेजारी वेगळी रचली, कारण बाईचा हात आधी झाकणाकडे जातो, हा तिचा अनुभव. बायका आल्या, काळ्या साड्या, सायलीच्या अंगावर हलव्याचे दागिने, सगळा थाट. फ्रीजचा खेळ दणक्यात झाला. दुसऱ्या मजल्यावरच्या साळूबाईंनी पहिला नंबर काढला. त्या मूळच्या विंचूरच्या, मुलगा योगेश आणि सून पूजा यांच्याकडे राहायच्या. "आमच्या फ्रीजात माझ्या सुनेनं मागल्या सालचा केक ठिवलाय," असं त्यांनी पूजाच्या तोंडावर सांगितलं.

एवढ्यात सायलीने हळदीकुंकवाचं ताट आणलं आणि सविता उठली. "मी जरा रस्सा गरम करते," म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. तिला कुणी जा म्हणालेलं नव्हतं. कुणावर तसं म्हणायची वेळ येऊ नये म्हणून ती आधीच गेली.

इकडे सायली, पहिलंच हळदीकुंकू, गोंधळलेली. वाण म्हणून तिने चहाच्या गाळण्या आणल्या होत्या आणि त्या सोफ्यामागच्या स्टुलावर ठेवल्या होत्या. कुंकू लावता लावता तिने मोठ्याने सांगितलं, "वाण तिकडे ठेवलंय, आपापलं घ्या हं!" बायकांनी तिकडे पाहिलं. सोफ्यामागचं स्टूल दिसण्याचा प्रश्नच नव्हता. दिसलं ते मोरपंखी, आंबा, डाळिंबी टेबल. आणि ते डबे विकायचे आहेत, हे सविताने अजून काढलंच नव्हतं.

वाण लुटायचं असतं, आणि बायकांनी ते लुटलं. 'अगंबाई, किती दिलदार मुलगी!' 'सासर मोठं दिसतंय.' एकीने डबा उचलला, हाताला येईल ते झाकण त्यावर टेकवलं आणि पदराखाली घातला. दुसरीने तिच्याकडे बघून घाई केली. सायलीची मान ताटात, तिला काही दिसलं नाही. घरी कुकर लावायचे होते, पोरांचे क्लास सुटणार होते. रश्श्याला उकळी फुटेपर्यंत हॉल रिकामा.

सविता वाफाळतं पातेलं चिमट्यात धरून बाहेर आली. टेबलावर तिने अंथरलेली चादर तेवढी होती, पांढरीशुभ्र.

"बायका कुठायत?"

"गेल्या," सायली म्हणाली.

"डबे?"

सायलीने टेबलाकडे पाहिलं, मग सोफ्यामागे जाऊन गाळण्या पाहिल्या. गाळण्या जशाच्या तशा होत्या. ती मटकन खालीच बसली आणि रडायला लागली. "काकू, मी आत्ता जाऊन सगळ्यांकडून परत आणते."

"वेडी आहेस का?" सविता म्हणाली. "वाण कुणी परत मागतं? पहिल्याच वर्षी? जन्मभर नावं ठेवतील तुला." तिने सायलीचे डोळे पुसले, तिला बळंच दोन घास खायला लावले, आणि रिकामी पिशवी काखेत मारून जिना उतरली. खाली मयूर गाडी घेऊन आला होता. त्याने पिशवीकडे पाहिलं. "सगळे खपले?" सविता म्हणाली, "सगळे." तो खूश झाला. म्हणाला, "बघ, शेवट गोड झाला." घरापर्यंत सविता ती रिकामी पिशवी मांडीवर घेऊन बसली. नमुन्याचे डबे गेले, पुढची पार्टी नाही, विचारायला बाई नाही. संपलं होतं. तिला फार वाईट वाटत होतं, आणि डब्यांचं त्यात काहीच नव्हतं.

सायलीच्या इमारतीत मात्र दुसऱ्या दिवशीपासून हलकल्लोळ सुरू झाला. एकीचं झाकण डब्यात आत पडत होतं. एकीचं झाकण एवढं मोठं, की त्याखाली डबा शोधावा लागे. एकीचं कसंबसं बसलं, पण मग उघडेचना, आणि आत सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या. सासऱ्यांचा रक्तदाब त्या डब्यापायीच वाढला. इमारतीच्या ग्रुपवर फोटोंचा पाऊस पडला. 'हे डाळिंबी झाकण कुणाचं?' 'माझ्याकडे आंबा डबा आहे, मोरपंखी झाकण आहे, काय करू?' सायलीने दोन दिवस तोंड मिटून सोसलं आणि तिसऱ्या दिवशी खरं काय ते लिहून टाकलं. ग्रुप इतका शांत कधीच झाला नव्हता.

त्या शांततेत साळूबाईंनी सुनेच्या फोनवरून सविताला फोन लावला.

"सविता का गं? मी साळूबाई. आगं, आम्ही समद्या चोर निघालो की!"

"नाही हो मावशी, असू द्या. वाणच समजा."

"समजायचं काय त्यात? घेतलं ते घेतलं. पर झाकणं लागंनात. रथसप्तमीला माझ्या घरी ये. समद्या बायका डबे घेऊन येणारेत. घर लय ल्हान हे, पर बसू दाटीवाटीनं."

सविताला हसू फुटलं. घर लहान आहे म्हणणारी बाई, आणि ती स्वतःहून!

रथसप्तमीला साळूबाईंचा हॉल गच्च भरला. प्रत्येकीच्या मांडीवर एक डबा आणि एक परकं झाकण. सविता मधोमध उभी राहून वधूवर मेळाव्यासारखी जोड्या जुळवत होती. "आंबा, मध्यम, गोल! कोण आहे? या पुढे." जोडी जमली की टाळ्या. मग तिने प्रत्येकीच्या हाताने झाकण दाबून घेतलं, हवा सुटल्याचा आवाज ऐकवला. सासऱ्यांच्या गोळ्यांचा डबा तिने अंगठा घालून एका झटक्यात उघडला, तेव्हा त्या सुनेने तिचे पायच धरायचे बाकी ठेवले. डबे परत करायला बायका आल्या होत्या, पण आता ते कुणाला सोडवत नव्हते. प्रत्येकीने आपापला ठेवून घेतला, पैसे दिले, वर जोडीचा दुसराही मागितला. "शनिवार की रविवार?" सविता विचारत गेली, आणि बायका तारखांवरून भांडायला लागल्या. साखळी जुळली होती. सविताला उड्या माराव्याशा वाटत होत्या.

तेवढ्यात पूजा स्वयंपाकघरातून हळदीकुंकवाचं ताट घेऊन आली.

सविता वळली. "मी जरा आत—"

"कुठं निघालीस?" साळूबाईंनी तिचा पदर पकडला.

सविता खाली वाकली आणि कानात बोलल्यासारखं म्हणाली, "मावशी, मयूरचे वडील गेले ना. मला नाही चालत."

आपण हळू बोललो असं तिला वाटलं. पण बोलायची सवय असलेल्या बाईला हळू बोलणं कुठलं जमायला. सगळा हॉल ऐकत होता.

"मला ठावं हे ते," साळूबाई म्हणाल्या. "माझा म्हातारा जाऊनशान लय वर्सं झाली."

सविताने त्यांच्या कपाळाकडे पाहिलं. भुवयांच्या मध्ये हिरवट गोंदण होतं, जुनं, पसरलेलं. टिकली समजून ते कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

"हे गोंदलेलं हे," साळूबाई म्हणाल्या. "पुसायला आल्ते, पुसलं नाय. मंग आता माझ्याच घरचं हळदीकुंकू, तर मी काय सैपाकघरात जाऊन बसू? तिथं सुनेनं भांड्यांचा ढीग घातलाय, उभं ऱ्हायला जागा नाय. तुझा डबा माझ्या देव्हाऱ्यात चालतो, आन् तू चालत नाय व्हय? बस खाली."

सायली पुढे आली, तिने पूजाच्या हातातलं ताट घेतलं, करंगळीशेजारच्या बोटाने सविताला हळद लावली, कुंकू लावलं. सविताच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते पुसायला तिचे हात मोकळे नव्हते. पूजाने तिच्या ओंजळीत तिळगूळ आणि वाण ठेवलं होतं.

वाण म्हणजे साबणदाणी होती. गुलाबी, पातळ, कडेला प्लास्टिकचे धागे लोंबणारी. असल्या मालाची सविता एरवी पार्टीत अशी चिरफाड करायची, की बायका घरी जाऊन आपल्या साबणदाण्या फेकून देत. तिने ती उलटसुलट करून पाहिली. झाकण नव्हतं, बूड एका बाजूला कललेलं होतं, पावसाळ्यापर्यंतसुद्धा टिकली नसती.

"किती सुंदर आहे हो," सविता म्हणाली, आणि तिला ती खरोखरच सुंदर दिसत होती.